दाणा की तूप?
वर्ध्याच्या भट्टीत भाजल्या जाणाऱ्या गोडाची गोष्ट

वर्ध्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत बहुधा दोन वस्तू निघतात. एक सेवाग्रामला घेतलेलं एखादं पुस्तक, दुसरा गोरस भांडारातून घेतलेला गोरसपाक. पुस्तक वाचलं जाईलच याची खात्री नसते. गोरसपाक मात्र गाडी नागपूरला पोचेपर्यंत उघडलेला असतो, आणि घरच्यांसाठी म्हणून घेतलेल्यातला निम्मा वाटेतच संपतो.

गोरसपाकाला मिठाई म्हणावं तर तो कढईत आटवलेला किंवा तळलेला नाही. बिस्किट म्हणावं तर बिस्किटात इतकं तूप कोणी घालत नाही. भट्टीत भाजलेला, गाईच्या तुपाचा हा प्रकार जिभेवर ठेवताच विरघळू लागतो. साखरेची गोडी मागून येते, तुपाचा वास आधी. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांची खाद्यओळख तळणीत, वाटणात किंवा आटवलेल्या दुधात आहे. वर्ध्याची ओळख भट्टीतून आली, आणि तिच्यामागे स्वयंपाकघराइतकंच अर्थशास्त्रही आहे.

आपल्या दिवाळीच्या फराळाची यादी डोळ्यांपुढे आणा. करंजी, अनारसे, शंकरपाळे, चकली, शेव, चिवडा. बहुतेक सगळं कढईतलं. लाडवाचं पीठ भाजतात खरं, पण तेही कढईतच. याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाला घरोघरी भट्टी पेटते आणि तिच्यात पेकानचा ‘पाय’ (pie) भाजला जातो. पेकान म्हणजे अक्रोडाच्या कुळातला, उत्तर अमेरिकेच्याच मातीतला दाणा. मैद्या-लोण्याच्या कवचात अंडी, लोणी आणि मक्याच्या साखरेचा दाट पाक ओततात, त्यात पेकान घालतात आणि सगळं एकत्र भाजतात. कोणी त्यात चमचाभर बर्बन व्हिस्कीही घालतं. वर्धा हा गेली कित्येक दशकं दारूबंदीचा जिल्हा असल्यानं आपल्याकडे तो प्रश्न परस्पर मिटतो. कृती बाजूला ठेवली तर उरतं ते इतकंच: त्या मातीतला दाणा, हाताशी असलेलं गोड, आणि दोन्ही धरून ठेवणारं पिठा-स्निग्धाचं कवच. गूळ-दाण्याच्या पोळीत तरी वेगळं काय असतं? ती तव्यावर भाजतात आणि हा भट्टीत.

मग वर्ध्याच्या मातीतला सणाचा दाणा कोणता, आणि त्याला धरून ठेवणारं स्निग्ध कोणतं? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचा जेवढा खल या जिल्ह्यात झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झाला असेल.

आर, गोवऱ्या आणि बेकरीची रांग

भट्टी आपल्याकडे नव्हती असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. विदर्भातल्या शेतात किंवा एखाद्या देवस्थानाच्या आवारात रोडग्यांचा स्वयंपाक ज्यानं पाहिला आहे, त्याला भाजणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कणकेच्या थरांचे घट्ट गोळे करायचे, गोवऱ्या पेटवून त्यांची आर होऊ द्यायची आणि गोळे त्या आरात पुरायचे. वरचं कवच टणक होतं, आत वाफेवर मऊ शिजतं. राख झटकून, फोडून, वर तुपाची धार सोडायची. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पानगेही असेच, पानात लपेटून निखाऱ्यावर ठेवलेले. उष्णता चारही बाजूंनी देणारी ही भट्टीच होती. फक्त ती दर वेळी नव्यानं पेटवावी लागे, आणि तिच्यात नाजूक गोड पदार्थ भाजणं अवघड होतं. आराची आंच हातानं जोखता येते, पण दहा मिनिटं एकसारखी ठेवता येत नाही.

ती एकसारखी आंच बेकरीनं दिली. नानकटाईची कहाणी सुरतेपासून सुरू होते असं सांगतात. डच गेले, त्यांची भट्टी पारशी दोटीवालांकडे राहिली आणि पावाबरोबर तिच्यात नानकटाईही भाजली जाऊ लागली. तिथून ती मुंबईला आली आणि पुढे रेल्वेच्या गावागावांत पसरली. वर्धा हे तसं रेल्वे आणि कापसाचंच गाव. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी हे शहर आखून वसवलं गेलं. नवीन वस्ती, बाजार, गिरण्या आणि स्टेशन आलं की मागोमाग पावभट्टी येतेच.

मग मराठी गृहिणीनं या भट्टीचा स्वतःच्या पद्धतीनं उपयोग करून घेतला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बेकरीसमोर जी रांग दिसते, ती काही विकत घ्यायला आलेल्यांची नसते. डब्यात मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर आणि तूप घेऊन माणसं उभी असतात. साहित्य आपलं, भट्टी त्याची, आणि भाजणावळ किलोवर. कारागीर तूप-साखर हातानं फेसतो, पीठ मळतो आणि गोळे पत्र्यावर मांडतो. प्रत्येक गोळ्यावर चारोळी नाहीतर पिस्त्याचा तुकडा दाबायचं काम घरची पोरं करतात. रांगेत उभ्या बायकांचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर असतं: आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना? शेजारणीच्या डालड्याच्या नानकटाईशी आपली सरमिसळ व्हायला नको.

ही शंका क्षुल्लक वाटेल, पण भट्टीतल्या गोडाचं सगळं रहस्य तिच्यात आहे. करंजीच्या कणकेत आपण कडकडीत मोहन घालतो ते कशासाठी? स्निग्ध पिठाच्या कणांवर चढतं, पाण्याला त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही आणि पिठातला चिकट ताण तयार होऊ देत नाही. पदार्थ चिवट न होता खुसखुशीत होतो. पाश्चात्त्य पायच्या कवचात लोणी असतं आणि लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी. भट्टीत त्याची वाफ होते आणि कवचाचे पापुद्रे सुटतात. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून तुपाच्या पदार्थाला तसे वाफेचे पापुद्रे सुटत नाहीत, तो वाळूसारखा भुसभुशीत होऊन तोंडात विरतो. नानकटाई आणि गोरसपाक विरघळतात ते याच कारणानं. स्निग्ध बदललं की पदार्थाचा स्वभावच बदलतो.

गांधींचे दाणे

वर्ध्यात स्निग्धाचा वाद आला तो गांधींबरोबर, आणि त्या वादाची सुरुवात दाण्यांपासून झाली होती.

जोहान्सबर्गच्या घरात गांधींनी सात पौंड मोजून हातजातं घेतलं होतं. त्यावर घरातले पुरुष आणि मुलं मिळून दळत, आणि त्या जाड पिठाचा, खमीर न घातलेला पाव कूने या जर्मन निसर्गोपचारकाच्या कृतीनं घरीच भाजला जाई. चरख्याच्या कितीतरी आधी हा माणूस भट्टीशी खटपट करत होता. १९१२ मध्ये तिथल्याच टॉलस्टॉय फार्म या आश्रमात मित्र कॅलनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडलं. गाई-म्हशींचे होणारे हाल वाचून हे व्रत घेतलं होतं. दुधाची जागा फळांनी आणि दाण्यांनी घ्यावी, असा त्यांचा प्रयत्न होता.

१९१८ मध्ये, गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना, त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू असा होता. त्यातून जडलेल्या आमांशानं ते मरणाच्या दारात पोचले. शक्ती येण्यासाठी दूध हवं, असं डॉक्टर म्हणाले. व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत, ही वाट कस्तुरबांनी काढली. गांधींनी ती स्वीकारली, पण ती पळवाट आपल्याला टोचत राहिली हे आत्मकथेत लिहूनही ठेवलं. माणसाला धडधाकट ठेवील असं वनस्पतीतलं स्निग्ध आणि प्रथिन त्यांना सापडलं नव्हतं, आणि त्याचा शोध त्यांनी सोडलाही नव्हता.

हा शोध घेऊनच ते १९३४ मध्ये वर्ध्यात आले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर संघाला दिलं, त्याचं नाव मगनवाडी झालं, आणि सूत्रं आली जे. सी. कुमारप्पांच्या हाती. हा तमिळ ख्रिस्ती गृहस्थ लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. तो वर्ध्यात घाणी, गूळ, हातसडीचा तांदूळ आणि हातकागद यांचे प्रयोग करत बसला. १९३५ मध्ये मगनवाडीच्या पंगतीत गांधींनी सोयाबीनचा प्रयोग केला. तेलाच्या घाणीवर झवेरभाई पटेलांनी काम केलं, आणि तिथे सुधारलेली घाणी देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ते आजही उभं आहे, आणि आत गेल्यावर कळतं की खेड्यातला माणूस काय खातो आणि ते कशावर शिजवतो, हा इथे अभ्यासाचा विषय होता. कमी धुराची ‘मगन चूल’ही इथलीच.

गाईचं तूप आणि त्याचं गणित

दुसऱ्या बाजूला गाय होती. वर्धा जिल्ह्याची स्वतःची गाय आहे. गवळाऊ, पांढरीशुभ्र आणि चपळ. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मुलूख. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला तिचं पैदास केंद्र आहे. या जातीचे बैल धावण्यासाठी नावाजलेले, पण दूध बेताचं. एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास. एक किलो तुपाला गाईचं २५ ते ३० लीटर दूध लागतं. म्हणजे वासराला आणि घराला थेंब न देता सगळं दूध तुपाला लावलं, तरी एका वेताचं तूप वीसेक किलोच्या वर फारसं जात नाही. म्हशीच्या दुधात स्निग्ध जवळजवळ दुप्पट. त्यामुळे बाजाराचं गणित सरळ होतं. गवळी म्हैस ठेवणार आणि गाय मागे पडणार.

जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस हेच गणित अंगावर घेतलं. १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालालजी वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडी बांधून राहिले. दूध-तूप खायचं तर ते गाईचंच, असा या कामाचा नेम होता. गाय जगवायची असेल तर तिच्या दुधाला गिऱ्हाईक हवं, नुसती पूजा उपयोगाची नाही, हा त्यामागचा व्यापाऱ्याचा रोकडा विचार. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी अचानक गेले. पुढे संघाची धुरा त्यांच्या पत्नी जानकीदेवी बजाजांनी वाहिली. १९५६ मध्ये जानकीदेवींना पद्मविभूषण मिळालं.

गोरस भांडार याच विचाराच्या छायेत वाढलं. भोवतालच्या खेड्यांतून गाईचं दूध घ्यायचं आणि ते शहरात विकायचं, अशी ही सहकारी व्यवस्था. दुधाचा धंदा करणाऱ्याची खरी अडचण उरलेल्या दुधाची असते. दूध टिकत नाही. तूप टिकतं, पण महाग पडतं. भट्टीत भाजलेलं तुपाचं पक्वान्न टिकतं, लांबच्या प्रवासाला सोबत जातं आणि त्याला ‘वर्ध्याचं’ म्हणून मागणीही येते. गोरसपाकाकडे असं पाहिलं की एका विचाराची आर्थिक बाजू हातात धरता येते, खाताही येते. वर्ध्याचं नाव घेऊन फार भाषणं झाली. त्यातलं किती टिकलं कोण जाणे, गोरसपाक टिकला आहे.

डब्यातलं तिसरं स्निग्ध

दाणा आणि तूप यांचा हा तात्त्विक वाद चालू असताना बाजारानं तिसराच उमेदवार उभा केला. १९३७ च्या सुमारास डालडा आला. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडला की पातळ तेल थिजतं आणि तुपासारखं रवाळ होतं. सुरुवातीच्या दशकांत हे तेल मुख्यतः शेंगदाण्याचं होतं. म्हणजे ज्या दाण्यात गांधी दुधाला पर्याय शोधत होते, त्याच दाण्याला कारखान्यानं तुपाचं सोंग दिलं. गांधींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून वनस्पती तुपावर टीका केली. लोकांनी ती ऐकली आणि डबा विकत घेतला. कारण साधं होतं. तुपाच्या कितीतरी कमी भावात नानकटाई खुसखुशीत होत होती. गरिबाच्या घरी दिवाळीला भट्टीचं गोड आलं ते डालड्यानंच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पिवळ्या डब्याची टिंगल सुस्थित माणसालाच परवडते.

त्याची किंमत पुढे कळली. अर्धवट हायड्रोजन भरलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयविकाराला हातभार लावतात. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. मर्यादा आली, तरी दिवाळीत बेकरीसमोर ‘तूप कोणतं?’ हा प्रश्न विचारणं अजून शहाणपणाचंच आहे.

आज वर्धा जिल्ह्यातून फिरा. खरिपात कपाशी, तूर आणि नजरेत मावणार नाही इतकं सोयाबीन. मगनवाडीच्या पंगतीतलं सोयाबीन आता शिवारभर पसरलं आहे, पण ते पंगतीत येत नाही. मोंढ्यावर जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि पिशवीत भरलेलं तेल होऊन त्याच गावच्या किराणा दुकानात परत येतं. फल्लीचे दाणे, म्हणजे शेंगदाणे, मात्र सणाला शेर-दोन शेर विकत आणावे लागतात.

एक भाजकं पक्वान्न, दोघांना धरून

या सगळ्याचा उलगडा स्वयंपाकघरातच करून पाहावा, म्हणून दिवाळीसाठी एक पक्वान्न सुचवतो. पायचा साचा, पण सामान वर्ध्याचं. अंडं नाही.

कवचासाठी दीडशे ग्रॅम कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर पिठीसाखर आणि पंचाहत्तर ग्रॅम गाईचं तूप. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ असेल तर पीठ ते पिऊन टाकतं आणि कवच दगड होतं. बोटांनी चोळून रव्यासारखं करा, दोन-तीन चमचे गार दुधानं जेमतेम गोळा होऊ द्या, मळू नका. अर्धा तास झाकून गार जागी ठेवा. मग लाटून, नाहीतर बोटांनी दाबून, सात इंची थाळीत बसवा आणि काट्यानं टोचे मारा. १८० अंशावर बारा-पंधरा मिनिटं, नुसता रंग पालटेपर्यंत भाजा.

सारणासाठी दोनशे ग्रॅम फल्लीचे दाणे मंद आंचेवर खमंग भाजून, सालं पाखडून, अर्धे भरड कुटा आणि अर्धे सबंध ठेवा. दीडशे ग्रॅम गूळ दोन चमचे तुपात फक्त वितळवा. इथेच हात आवरायचा असतो. गुळाचा पाक गोळीबंद झाला की चिक्की होते आणि सुरीच मोडते. गूळ कोमट झाल्यावरच त्यात पन्नास ग्रॅम मऊ मळलेला खवा आणि दोन चमचे साय घाला, कारण गरम गुळात दूध नासतं. बांधणीला चमचाभर भाजलेलं बेसन, वासाला विलायची आणि जायफळ. दाणे मिसळून कवचात ओता आणि वर मूठभर चारोळी पेरा. पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं भाजा. कडा उकळू लागल्या आणि मधला भाग किंचित थरथरतो आहे असं दिसलं की काढा. पूर्ण गार होण्याआधी कापू नका, सारण तोवर धरत नाही.

चारोळी वरच्या शोभेची नाही. चाराच्या झाडाची फळं उन्हाळ्यात जंगलातून वेचायची, गर काढायचा, आठळ्या वाळवायच्या आणि जात्यावर भरडून आतला दाणा सुटा करायचा. रानातल्या माणसांच्या एवढ्या मेहनतीनंतर ती मूठ आपल्या हाती येते, तेव्हा तिच्या भावावर घासाघीस करताना थोडं थांबावं.

यातला प्रत्येक जिन्नस दुसऱ्याशी कसा बांधलेला आहे, हे कुमारप्पांच्या शाळेत शिकायला मिळतं. घाणी गावात असावी, हा त्यांचा आग्रह निव्वळ तेलासाठी नव्हता. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. उरलेल्याची पेंड होते, आणि प्रथिन सगळं तिच्यात. दाणा गिरणीकडे गेला की तेलाबरोबर पेंडही गावाबाहेर जाते. घाणी गावात फिरली तर पेंड गावच्या गोठ्यात जाते. शिवाय घाणीच्या पेंडीत तेलाचा अंशही जास्त राहतो. गाय ती खाते, दूध देते, दुधाचं तूप होतं, शेण शेताला जातं आणि शेतात पुन्हा दाणा येतो. दाणा की दूध, हा गांधींना आयुष्यभर छळणारा पेच माणसाच्या ताटापुरता पाहिला तर सुटत नाही. गावाच्या शिवारापर्यंत नजर नेली की दाणा आणि तूप एकमेकांचे वैरी उरत नाहीत, एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नाही.

म्हणून यंदा साहित्य आणताना दाणे कुठले आणि तूप कोणत्या गाईचं, हे दोन प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा. लाकडी घाणीचं तेल आता शहरांत चढ्या भावानं, देखण्या बाटलीत मिळतं. तिथे तिसरा प्रश्नही विचारा: पेंड कुठे जाते? उत्तर ‘जवळच्या गोठ्यात’ असं आलं, तर जादा मोजलेले पैसे योग्य ठिकाणी चालले आहेत. नाही आलं, तर आपण फक्त बाटलीचे पैसे दिले.